अर्थतज्ज्ञ आंबेडकर १९२५ पाशी संपत नाहीत : अर्थशास्त्र अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
अर्थशास्त्र अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे.

विषय : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आर्थिक विचारांच्या अध्यापनाबाबत.

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या निमित्ताने पदवी आणि पदव्युत्तर पातळीवरील अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमांची फेरमांडणी सुरू आहे. श्रेयांकांची वाटणी बदलते आहे आणि भारतीय ज्ञानपरंपरेसाठी वेगळी जागा काढली जात आहे. अशा वेळी मंडळांच्या बैठकांमध्ये कोणत्या विचारवंताला किती तासिका द्यायच्या याची चर्चा होणारच. ती चर्चा आटोपण्यापूर्वी पदव्युत्तर वर्गांना अर्थशास्त्र शिकवणारा एक अध्यापक म्हणून एका विषयाकडे आपले लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खासगीत न पाठवता खुले लिहिण्याचे कारण असे की, अभ्यासक्रमातल्या या उणिवेला मंडळांइतकेच आम्ही शिकवणारे आणि प्रश्नपत्रिका काढणारेही जबाबदार आहोत.

१० ऑक्टोबर १९५१ रोजी डॉ. आंबेडकरांनी केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडण्याची कारणे सांगणारे निवेदन प्रसिद्ध केले. त्या निवेदनाची आठवण आपण हिंदू कोड बिलासाठी काढतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच निवेदनाच्या पूर्वार्धात आणखी एक तक्रार आहे, जिच्याकडे अर्थशास्त्राच्या वर्गात सहसा कोणी वळत नाही. कायदा खाते स्वीकारताना पुढे नियोजन खातेही आपल्याकडे येईल असे पंतप्रधानांनी सांगितले होते, प्रत्यक्षात ते खाते निघाले तेव्हा आपल्याला वगळण्यात आले. आणि मंत्रिमंडळाची आर्थिक विषयांची समिती नेमली गेली तेव्हा, आपण मुळात अर्थशास्त्राचे आणि वित्तशास्त्राचे विद्यार्थी असल्याने, तिच्यावर आपली नेमणूक होईल अशी अपेक्षा होती, तीही पूर्ण झाली नाही, असे त्यांनी तेथे नोंदवले आहे. वयाची साठी गाठलेला, देशाच्या राज्यघटनेचा मसुदा हातावेगळा केलेला, लाखो लोकांनी आपला नेता मानलेला हा माणूस स्वतःची ओळख अर्थशास्त्राचा विद्यार्थी अशी करून देतो. आपला अभ्यासक्रम मात्र त्यांचे अर्थशास्त्र १९२५ पाशी, म्हणजे त्यांच्या दुसऱ्या प्रबंधाच्या प्रकाशनापाशी थांबवतो आणि पुढचे सगळे आयुष्य राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि कायदा या विभागांकडे सोपवून मोकळा होतो. माझे म्हणणे एवढेच आहे की ही फाळणी चुकीची आहे. ज्या प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी प्रबंधांत केला, त्याचाच पाठपुरावा ते पुढे विधिमंडळात, मजूर खात्यात आणि घटना समितीत करत राहिले. धोरण कोणतेही असो, त्याचा भार शेवटी कोणावर पडतो, हा तो प्रश्न.

त्यांच्या शिक्षणाचा तपशील येथे लांबवत नाही, कारण तो विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो : १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी, सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ पासून न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतणे, १९१८ ते १९२० मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, शाहू महाराजांच्या मदतीने पुन्हा लंडन, १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२३ मध्ये डी. एस्सी., आणि १९२७ मध्ये कोलंबियाची पीएच. डी. परीक्षेत यावरच प्रश्न येतो आणि विद्यार्थी त्याचे उत्तर भरभरून लिहितात. या पदव्यांसाठी आणि त्यांच्या आगेमागे त्यांनी काय लिहिले, हे विचारले की पाने कोरी राहतात.

सुरुवात १९१८ च्या एका निबंधापासून करता येईल. भारतातील लहान धारणक्षेत्रे (म्हणजे शेतकऱ्याच्या ताब्यातील लहान जमिनी) आणि त्यांवरील उपाय या विषयावरचा हा निबंध इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखकाचे वय तेव्हा २७ होते. शेतजमिनीचे तुकडे होत चालले आहेत, म्हणून शेती तोट्यात आहे, तेव्हा तुकडे एकत्र करा आणि पुढचे विभाजन कायद्याने थांबवा, असा त्या काळच्या जाणकारांचा सूर होता. मुंबई इलाख्यात शेतीखात्याचे संचालक कीटिंग यांनी ही बाजू मांडली होती, बडोदे संस्थानाने त्यासाठी समिती नेमली होती आणि पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून डॉ. हॅरल्ड मॅन यांनी १९१७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. (आज ज्या पिंपळे सौदागरात संगणक अभियंत्यांच्या सोसायट्या उभ्या आहेत, तेच हे गाव. शेतीचे अर्थशास्त्र शिकणाऱ्या पुण्याच्या विद्यार्थ्यांना एवढे सांगितले तरी निबंध वाचण्याची उत्सुकता वाटू लागते, असा माझा अनुभव आहे.)

आंबेडकरांनी या सगळ्या मांडणीच्या मुळावरच बोट ठेवले. एका कुटुंबाचे पोट ज्या जमिनीवर भरेल ती किफायतशीर जमीन, ही व्याख्या त्यांना मान्य नव्हती, कारण ती उपभोगाच्या बाजूने केलेली होती. उत्पादनाचा विचार करायचा तर जमीन, श्रम आणि भांडवल यांचे परस्परांशी प्रमाण पाहावे लागते. हे प्रमाण पाहिले की, ज्याच्याकडे धड बैलजोडी नाही, औतकाठी नाही, त्याची जमीन लहान आहे म्हणून शेती तोट्यात नसून हाती असलेल्या साधनांच्या मानाने ती मोठीच आहे, असा उलटा निष्कर्ष निघतो, आणि तो त्यांनी न कचरता काढला. पुढचा टप्पा याहून महत्त्वाचा आहे. शेतीवर गरजेपेक्षा कितीतरी अधिक माणसे अवलंबून आहेत, त्यांच्यापैकी पुष्कळांचे श्रम वाया जातात आणि तरीही त्यांचे पोट त्याच जमिनीवर भरावे लागते. म्हणून नुसते एकत्रीकरण केले तर या माणसांपैकी अनेकांना भूमिहीन करण्यापलीकडे काही साधणार नाही. उद्योग वाढले, शेतीवरची जादा माणसे तिकडे वळली आणि शेतीत भांडवल आले, तर धारणक्षेत्र मोठे होण्याची गरज आपोआप उत्पन्न होईल, हा त्यांचा उपाय होता. पाठ्यपुस्तकांत प्रच्छन्न बेकारीच्या, म्हणजे कामावर दिसणाऱ्या पण ज्यांच्या श्रमाने उत्पादनात भर पडत नाही अशा माणसांच्या, प्रकरणात आपण जोन रॉबिन्सन आणि आर्थर लुईस यांची नावे सांगतो. रॉबिन्सन यांची ती मांडणी १९३० च्या दशकातली आणि लुईस यांचा निबंध १९५४ चा. त्या प्रकरणात १९१८ च्या या निबंधातला एक उतारा ठेवायला कोणती अडचण आहे, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

येथे आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. नऊ वर्षांनी, ऑक्टोबर १९२७ मध्ये, मुंबई विधान परिषदेत लहान शेतकऱ्यांच्या धारणक्षेत्रांविषयीचे सरकारी विधेयक आले, तेव्हा नियुक्त सदस्य आंबेडकरांनी त्याला विरोध केला. त्या भाषणातला युक्तिवाद निबंधातल्या युक्तिवादाचाच धाकटा भाऊ आहे. जमिनीचे आकारमान हा मुख्य मुद्दा नाही, हे त्यांनी सभागृहाला सांगितले, आणि एकत्रीकरणाऐवजी सहकारी शेतीचा मार्ग सुचवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी जमीन महसुलाच्या अन्यायाकडे लक्ष वेधले होते. आयकर भरणाऱ्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत सूट मिळते, शेतकऱ्याचे उत्पन्न मात्र कितीही तुटपुंजे असले तरी सारा चुकत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. करदेय क्षमता हा शब्द आपण सार्वजनिक आयव्ययाच्या पहिल्याच प्रकरणात शिकवतो. त्याचे इतके लख्ख आणि इतके आपल्या मातीतले उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे. पण ते विधिमंडळाच्या भाषणात असल्यामुळे ते राजकारण ठरले आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकातून बाहेर राहिले.

आता ‘रुपयाचा प्रश्न’ या १९२३ च्या त्यांच्या प्रबंधग्रंथाकडे येतो. या ग्रंथाचे नाव सर्वांना माहीत आहे, किंबहुना अलीकडे ते जरा जास्तच माहीत झाले आहे. रिझर्व्ह बँकेची स्थापना या ग्रंथावरून झाली, असे विधान समाजमाध्यमांवर फिरते, जयंतीच्या भाषणांत येते आणि आता विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही उतरू लागले आहे. भारतीय चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे डॉ. आंबेडकरांची साक्ष डिसेंबर १९२५ मध्ये झाली, हे खरे आहे. आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली, हेही खरे आहे. परंतु आंबेडकरांच्या लेखी निवेदनाचा आणि साक्षीचा गाभा रुपयाचे परिमाण कोणते असावे, म्हणजे त्याची किंमत कशाशी बांधलेली असावी, आणि त्याचा विनिमय दर किती असावा, हा होता. शिवाय चलन किती काढायचे हे शासनकर्त्यांच्या मर्जीवर सोपवायला त्यांचा मुळातच विरोध होता. ज्या लेखकाचा सगळा भर व्यवस्थापकाच्या स्वेच्छेला वेसण घालण्यावर होता, त्याच्या नावावर आधुनिक मध्यवर्ती बँकेचे सारे श्रेय जमा करणे हा त्याचा गौरव नव्हे. त्याचे पुस्तक आपण उघडले नसल्याची ती कबुली आहे.

पुस्तकातला वाद समजायला फारसा कठीण नाही. १८७० नंतर जगभर चांदीचा भाव घसरत गेला आणि चांदीच्या रुपयाची किंमत सुमारे दोन शिलिंगांवरून सव्वा शिलिंगाच्या आसपास आली. इंग्लंडला पौंडात द्यावयाच्या देण्यांसाठी हिंदुस्थान सरकारला दरवर्षी अधिकाधिक रुपये मोजावे लागू लागले. म्हणून १८९३ मध्ये टांकसाळी जनतेच्या चांदीला बंद झाल्या. १८९८ च्या फाउलर समितीने सोन्याच्या नाण्यांसह सुवर्ण परिमाणाची शिफारस केली, पण प्रत्यक्षात तिच्याऐवजी सुवर्ण विनिमय परिमाण रूढ झाले : देशात रुपया, परदेशी देण्यासाठी ठरलेल्या दराने पौंड, आणि नवे रुपये पाडण्याचा अधिकार सरकारच्या हाती. इंग्रज अर्थतज्ज्ञ केन्स यांनी तरुणपणी, १९१३ मध्ये, याच व्यवस्थेची तरफदारी केली होती. आंबेडकरांनी तिच्यावर हल्ला चढवला. या व्यवस्थेत विनिमय दर स्थिर राहील, पण रुपयाची देशातली क्रयशक्ती स्थिर राहील याची हमी कोण देणार, हा त्यांचा प्रश्न होता. रुपये पाडण्यावर पक्की मर्यादा नसेल तर किंमती वाढत राहतील. परदेशी व्यापार करणाऱ्याला दराची स्थिरता हवी असते. बाजारातून मीठ-मिरची आणणाऱ्याला रुपयात काय येते याची चिंता असते. या दुसऱ्या माणसाच्या बाजूने चलनशास्त्र लिहिणारे तेव्हा फार थोडे होते.

रुपया स्वस्त असणे देशाच्या हिताचे, हा त्या काळच्या गिरणीमालकांचा आणि निर्यातदारांचा लाडका दावा. त्यावर आंबेडकरांनी केलेले विश्लेषण मी माझ्या वर्गात दरवर्षी फळ्यावर मांडतो. रुपयाचा दर उतरला की निर्यातदाराला मिळणारा फायदा आकाशातून पडत नाही. किंमती वाढतात, मजुरी त्या वेगाने वाढत नाही, आणि या दोहोंमधली फट म्हणजे त्याचा नफा. देशाचा म्हणून सांगितला जाणारा फायदा हा असा देशातल्याच एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या खिशातून काढून घेतलेला असतो. १९२५ च्या साक्षीच्या वेळी रुपया एक शिलिंग चार पेन्स असावा की एक शिलिंग सहा पेन्स, यावर देशभर रण माजले होते. व्यापारी वर्ग आणि राष्ट्रीय चळवळीतली बरीच मंडळी कमी दराच्या बाजूने होती. आयोगाचे सदस्य पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी पुढे त्यासाठी भिन्नमतपत्रिकाही जोडली. आंबेडकरांनी या घोषणेत आपला आवाज मिसळला नाही. कमावणारा वर्ग आणि व्यापारी वर्ग यांच्या हितांचे वजन करून मगच दर ठरवावा, अशी त्यांची भूमिका होती. परकीय सरकारच्या आयोगापुढे बसून, परकीय सरकारचे धोरण आणि देशी भांडवलदारांची मागणी या दोहोंपासून सारखेच अंतर राखणे राजकीयदृष्ट्या सोयीचे खासच नव्हते. पुढे मजूर पक्ष काढणारा माणूस येथे आधीच दिसतो.

मग त्यांचा उपाय बरोबर होता का? रुपये पाडणे कायमचे बंद करावे, सोन्याचे नाणे सुरू करावे, दोघांचा दर कायद्याने ठरवावा, पण एकाच्या बदल्यात दुसरे देण्याची जबाबदारी सरकारवर ठेवू नये आणि दोन्ही नाणी अमर्याद वैध चलन म्हणून फिरू द्यावीत, असा तो उपाय होता. माझ्या मते चलनपुरवठा इतका ताठर ठेवणारी व्यवस्था १९२९ नंतरच्या मंदीत आपल्या शेतकऱ्याला आणखी खोलात घेऊन गेली असती, कारण किंमती कोसळतात तेव्हा कर्जाचा बोजा वाढतो आणि सारा कमी होत नाही. हे मी विद्यार्थ्यांना सांगतो आणि त्यावर वाद घालायला लावतो. असे मतभेद सांगण्याने अनादर होतो, अशी भीती आपल्या अनेक सहकाऱ्यांना वाटते. त्यांनी ग्रंथाची प्रस्तावना वाचावी. ती लंडनमधील त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी लिहिली आहे आणि तीत त्यांनी, विनिमय परिमाणाविषयीचा आंबेडकरांचा विरोध आपल्याला मान्य नाही आणि त्यांचे बरेचसे युक्तिवादही पटत नाहीत, असे स्वच्छ सांगून, जेथे ते आपल्याला चुकीचे वाटले तेथेही त्यांच्या विचारांचा ताजेपणा चेतना देणारा वाटला, असे म्हटले आहे. प्रबंध परीक्षकांकडून एकदा परत आला होता. तो दुरुस्त करून पुन्हा पाठवल्यावर पदवी मिळाली. ज्या ग्रंथाला मतभेद नोंदवणारी प्रस्तावना लेखकाने स्वतः सन्मानाने लावली, तो ग्रंथ शंभर वर्षांनी आपण केवळ ओवाळण्यासाठी ठेवावा, हे विचित्र आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकासावरचा दुसरा ग्रंथ (१९२५, प्रस्तावना कोलंबियातील त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांची) वाचायला रुक्ष आहे, हे मान्य करावे लागेल. १८३३ नंतर सगळा पैसा केंद्राच्या तिजोरीत, खर्च करणारे प्रांत, आणि हिशेबाची जबाबदारी कोणाचीच नाही, अशा स्थितीपासून १८७१ नंतर ठोक अनुदाने, १८७७ नंतर काही महसूल प्रांतांकडे सोपवणे, १८८२ नंतर महसुलाची वाटणी, अशा पायऱ्या त्यांनी तपशीलवार लावून दाखवल्या आहेत. विद्यार्थ्यांना सगळा ग्रंथ नको, पण त्यातले मधले एक प्रकरण आणि राज्यघटनेचे २८० वे कलम शेजारी शेजारी ठेवले तर काय होते ते पाहा. दर पाच वर्षांनी वित्त आयोग, केंद्र-राज्य वाटणीचा नियम, ही तरतूद ज्या मसुदा समितीने लिहिली तिच्या अध्यक्षाने पंचवीस वर्षांपूर्वी याच प्रश्नावर प्रबंध लिहिलेला होता. क. चं. नियोगी यांच्या पहिल्या आयोगापासून सोळाव्या आयोगापर्यंतचा वाद आपण राजकोषीय संघराज्याच्या पेपरात शिकवतोच. वस्तू व सेवा कर आल्यापासून राज्यांच्या हक्काच्या पैशांचा प्रश्न दर अधिवेशनात निघतो. त्या पेपरात हा ग्रंथ नसावा, याचे समर्थन मला करता येत नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षक हा घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे ते मे १९४९ मध्ये घटना समितीत म्हणाले, तेही ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि प्रांतांच्या हिशेबवह्या वर्षानुवर्षे चाळलेल्या माणसाच्या तोंडून आले होते.

राजकीय जीवनातले आर्थिक काम तर याहून विस्तृत आहे. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. खोत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसून साऱ्याच्या वरचे उत्पन्न खातो, जमिनीत भांडवल घालत नाही आणि कुळालाही घालू देत नाही. १९१८ च्या निबंधातली श्रम-भांडवलाची चर्चा येथे रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या माणसांची झाली. खोती अखेर १९४९ च्या कायद्याने गेली. कोकणातल्या महाविद्यालयांत खंडाचा (जमिनीच्या भाड्याचा) सिद्धान्त इंग्रज अर्थतज्ज्ञ रिकार्डोच्या गव्हाच्या शेतावरच शिकवला पाहिजे, असे काही नाही.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर सदस्य म्हणून कामगार, खाणी, पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी कारखाने कायद्यातील दुरुस्ती, सेवायोजन कार्यालये, सरकार-मालक-कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदा, दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेची पायाभरणी आणि जलमार्ग, पाटबंधारे यांसाठीचा केंद्रीय आयोग, हे सारे त्या खात्यातून निघाले. नदी दोन प्रांतांतून वाहते तर तिचे नियोजन एका खोऱ्याचे म्हणून व्हावे, हा विचार त्यामागे होता. कृष्णा आणि गोदावरी यांच्या पाणीवाटपाचे लवाद अनुभवलेल्या महाराष्ट्राला तो विचार परका वाटू नये. याच काळातला एक कठीण निर्णयही वर्गात यायला हवा. युद्धकाळात कोळसा कमी पडला म्हणून खाणीत जमिनीखाली स्त्रियांनी काम करण्यावरची बंदी १९४३ मध्ये उठवण्यात आली, आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात त्या निर्णयाचा बचाव करण्याची जबाबदारी आंबेडकरांवर आली. आणीबाणीचे कारण देताना स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, यावर त्यांनी भर दिला. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. हा निर्णय योग्य होता का, यावर विद्यार्थ्यांचे एकमत होणार नाही, आणि होऊ नये. सत्तेत बसलेल्या अर्थतज्ज्ञाला पुस्तकात न भेटणारे पर्याय कसे निवडावे लागतात, हे शिकवणारे असे उदाहरण मी अन्यत्र शोधले असते तर वॉशिंग्टन किंवा लंडनपर्यंत जावे लागले असते.

१९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी त्यांनी तयार केलेल्या निवेदनात मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची असावी आणि सामुदायिक शेती व्हावी, अशी मागणी आहे, आणि ती साध्या कायद्याने नव्हे तर घटनेनेच बांधून द्यावी, असा आग्रह आहे. चलनाच्या बाबतीत शासनाच्या स्वेच्छेवर अविश्वास दाखवणारा अर्थतज्ज्ञ जमिनीच्या बाबतीत शासनाला इतका मोठा अधिकार देतो, ही विसंगती आहे का? मला वाटते की दोन्हीकडे त्यांचा आग्रह नियम आधी लिहून ठेवण्याचा आहे, बदलत्या बहुमताच्या हाती गरिबाचे हित न सोपवण्याचा आहे. माझ्याशी असहमत असणारे सहकारी आहेत आणि त्यांचेही म्हणणे वजनदार आहे. हा वाद पदव्युत्तर वर्गात व्हायला हवा, पण त्यासाठी १९२३ आणि १९४७ चे लेखन एकाच पेपरात असावे लागते.

म्हणून मंडळांना माझी विनंती अशी आहे. आर्थिक विचारांच्या इतिहासातला दोन-तीन तासिकांचा उपघटक वाढवण्याने काही होणार नाही. पदव्युत्तर पातळीवर डॉ. आंबेडकरांच्या आर्थिक लेखनावर एक स्वतंत्र पेपर ठेवावा आणि त्यात मूळ उतारे नेमावेत. हे साहित्य दुर्मीळ नाही. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन आणि भाषणे या मालेत पहिल्या खंडात लहान धारणक्षेत्रांवरचा निबंध आणि १९४७ चे निवेदन, दुसऱ्यात विधिमंडळातील भाषणे, सहाव्यात दोन्ही प्रबंध आणि दहाव्यात मजूर खात्यातले काम आहे. आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना हे इंग्रजीत जड जाते, म्हणून निवडक उताऱ्यांचे विश्वासार्ह मराठी भाषांतर टिपांसह करून घ्यावे. ते काम एका विद्यापीठाने एकट्याने करण्यापेक्षा सर्व मंडळांनी मिळून केले तर वर्षभरात होण्यासारखे आहे, आणि चलनाच्या इतिहासावरच्या टिपा तर अनेक महाविद्यालयांतले अध्यापक आजही आपापल्या वह्यांत तयार करून बसलेले आहेत. पदवी पातळीवर वेगळा पेपर शक्य नसेल तर नसो. कृषी अर्थशास्त्रात १९१८ चा निबंध, मौद्रिक अर्थशास्त्रात विनिमय दरावरचे प्रकरण, सार्वजनिक आयव्ययात १९२७ चे अर्थसंकल्पावरील भाषण, असे उतारे त्या त्या ठिकाणी विखरून ठेवावेत. तेही पुष्कळ होईल.

यावर दोन हरकती ऐकू येतात. पहिली, सुवर्ण परिमाण इतिहासजमा झाले, त्याचा आता काय उपयोग. मग रिकार्डोंनी धान्य कायद्यांवर लिहिलेलेही आपण सोडून द्यायला हवे. ते आपण सोडत नाही, कारण युक्तिवाद कसा रचायचा हे त्यातून शिकता येते. दुसरी हरकत उघड कोणी बोलत नाही, पण बैठकांत ती हवेत असते : विषय नाजूक आहे, कोणाच्या भावना दुखावतील, कोणी एखाद्या वाक्यावरून गदारोळ करील. या भीतीचा परिणाम असा होतो की आपण त्यांच्याविषयी फक्त निर्धोक वाक्ये शिकवतो, आणि दलित कुटुंबातून आलेला, बाबासाहेबांचे लेखन घरात पाहत वाढलेला विद्यार्थीसुद्धा अर्थशास्त्रज्ञ म्हणून त्यांच्याशी वाद घालण्याच्या संधीला मुकतो. मंडळाने अभ्यासक्रमातच टीकात्मक परीक्षण हा शब्द घातला तर अध्यापकाला आधार मिळेल.

आणि प्रश्नपत्रिकेचे पाहावे. डॉ. आंबेडकरांचे आर्थिक विचार स्पष्ट करा, हा प्रश्न किती वर्षे येतो आहे, हे आपण जाणता. त्याऐवजी पुढच्या सत्रात असे विचारून पाहावे : रुपयाचा दर उतरल्याने होणाऱ्या लाभाविषयीचे डॉ. आंबेडकरांचे विश्लेषण आजच्या निर्यातदारांच्या मागणीला लागू होते का, ते मजुरी आणि किंमती यांच्या संदर्भात तपासा. पहिल्या वर्षी उत्तरे वाईट येतील. आम्ही अध्यापक त्यासाठी तयार आहोत. मंडळाच्या येत्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय घ्यावा, आणि उताऱ्यांची निवड करण्यासाठी उपसमिती नेमली जाणार असेल तर माझ्यासारख्या अध्यापकांना तिच्यासाठी लागेल ते काम सांगावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
अर्थशास्त्राचा एक अध्यापक